परळीचे जुने गाव : वैद्यनाथाच्या पायऱ्यांखालची वाट

मराठवाड्यातील ज्योतिर्लिंगांच्या यात्रेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी औंढा नागनाथ, दुपारी परळी वैजनाथ आणि रात्रीचा मुक्काम पुढे तुळजापूर किंवा पंढरपूर. गाडी मंदिराच्या पायथ्याशी थांबते, बेलफुलांचा पुडा घेऊन मंडळी पायऱ्या चढतात, दर्शन होते, प्रसाद बांधून घेतला जातो आणि तासाभरात गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला लागते. ‘परळी पाहिली’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी परळी गाव पाहिलेलेच नसते. वास्तविक डोंगरउतारावरचे देऊळ, त्याच्या पायऱ्या, पायथ्याची तीर्थे आणि त्यांना बिलगून वाढलेली जुनी वस्ती असे हे सारे मिळून ते क्षेत्र होते. यांपैकी देऊळ टिकेल यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्याखालच्या गावाचा.

परळी हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. बालाघाटाचे पठार जेथे गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरू लागते, त्या उतारावर ते वसले आहे. नैर्ऋत्येला सुमारे २५ किलोमीटरवर, घाट चढून गेल्यावर, अंबाजोगाई लागते. परळीजवळून वाहणारी वाण नदी गोदावरीला मिळते आणि तिच्यावरील नागापूरच्या धरणाचे पाणी गावाला पुरविले जाते. माहात्म्यकथांत या गावाला कांतीपूर, वैजयंती, जयंती अशी नावे आढळतात. ‘वैजनाथ’ हे ‘वैद्यनाथ’चे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप होय. रेल्वेच्या फलकावरही तेच आहे.

ज्योतिर्लिंगाचा वाद

परळीचे नाव निघाले की एक जुना वाद निघतोच. बारा ज्योतिर्लिंगांतील वैद्यनाथ कोणता, हा तो वाद. झारखंडमधील देवघर येथील वैद्यनाथधाम हेच खरे ज्योतिर्लिंग, असे उत्तर भारतात मानले जाते. हिमाचल प्रदेशातील बैजनाथचेही काही पुरस्कर्ते आहेत. मराठी परंपरा मात्र निःशंकपणे परळीच्या बाजूने आहे. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ अशी महाराष्ट्रातील पाच ज्योतिर्लिंगे मोजण्याची पद्धत त्यातूनच आली.

वादाचे मूळ पाठभेदात आहे. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्राच्या एका पाठात वैद्यनाथाचे स्थान म्हणून परळीचा उल्लेख येतो, तर दुसऱ्या परंपरेत तेथे चिताभूमीचा उल्लेख आहे आणि चिताभूमी म्हणजे देवघर, असा अर्थ लावला जातो. दोन्ही ठिकाणी रावणाची कथाही तीच सांगितली जाते. लंकेला नेण्यासाठी घेतलेले शिवलिंग वाटेत खाली ठेवावे लागले आणि ते तेथेच स्थिर झाले. परळीत तिच्याबरोबर समुद्रमंथनाचीही कथा आहे. अमृत आणि धन्वंतरी यांना दानवांपासून लपविण्यासाठी विष्णूने त्यांना शिवलिंगात ठेवले. दानव लिंगाला हात लावू गेले तेव्हा त्यातून ज्वाळा निघाल्या. भक्तांनी स्पर्श केला तेव्हा अमृताची धार. वैद्यांचा नाथ हे नाव या कथेने अधिक चांगले उलगडते. आजारपणातून उठलेली माणसे नवस फेडायला येथे येतात, तीही याच श्रद्धेने. वादाचा निकाल लागण्यासारखा नाही आणि परळीला त्याची गरजही भासत नाही.

देऊळ

मंदिर मेरू किंवा नागनारायण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या उतारावर आहे. गावाकडून वर जाणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या हे त्याचे पहिले दर्शन. तुळजापूरला पायऱ्या उतरून देवीकडे जावे लागते, जेजुरीला दमछाक होईपर्यंत चढावे लागते. परळीच्या पायऱ्या या दोहोंच्या मधल्या आहेत. त्या चढताना धाप लागत नाही, मात्र निम्म्यावर थांबून मागे वळले की सगळे जुने गाव नजरेच्या टप्प्यात येते. घाईच्या यात्रेकरूने निदान एवढे तरी करावे.

मूळ मंदिराचे श्रेय परंपरेने यादवांचा प्रधान हेमाद्री याला दिले जाते. सध्याचे रूप मात्र अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराने आलेले आहे. अनेक पुस्तिकांत या जीर्णोद्धाराचे साल १७०६ असे छापलेले आढळते आणि तेच पुढे ठिकठिकाणी उतरून घेतले गेले आहे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, बीडला लागूनच असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडीचा. होळकरशाहीची सूत्रे त्यांच्या हाती आली ती १७६७ च्या सुमारास आणि १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा परळीचे काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले धरणेच सयुक्तिक ठरते. काशी विश्वेश्वर, सोमनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर येथील त्यांची कामेही त्याच काळातली. परळीच्या कामासाठी हवा तसा दगड मिळेना, तेव्हा जवळच्या त्रिशूलादेवीच्या डोंगरात तो असल्याचा दृष्टांत त्यांना झाला, अशी आख्यायिका येथे सांगतात.

वास्तू भव्य आहे, पण नक्षीदार नाही. भोवती तटासारखी दगडी भिंत, आत फरसबंद आवार आणि मध्ये सागवानी खांबांचा प्रशस्त सभामंडप. वेरूळ किंवा औंढ्याची शिल्पे पाहून आलेल्याला हे देऊळ साधे वाटते. त्याचे वैशिष्ट्य आहे ते रचनेत. औंढ्याला भुयारासारख्या गाभाऱ्यात वाकून उतरावे लागते. त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर येथेही गाभारा सभामंडपाच्या खाली आहे. परळीत गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीवर असल्याने मंडपात उभ्या असलेल्या माणसालाही शिवलिंग दिसते. लिंग काळसर, शाळिग्रामाच्या पाषाणाचे. भक्ताने स्वतःच्या हाताने लिंगाला स्पर्श करून पूजा करावी, त्यात जातीची आडकाठी नसावी, ही येथली ख्यात परंपरा आहे. श्रावणी सोमवार किंवा महाशिवरात्रीच्या गर्दीत अर्थातच देवस्थान जी व्यवस्था ठरवील ती मान्य करावी लागते. चैत्र आणि आश्विनातील ठरावीक दिवशी उगवत्या सूर्याची किरणे गवाक्षातून थेट लिंगावर पडतात, असे सांगितले जाते.

क्षेत्र शंकराचे असले तरी येथे हरी आणि हर या दोघांचेही उत्सव होतात. पायथ्याच्या तीर्थाचे नावही हरिहर तीर्थ. चैत्री पाडवा, विजयादशमी, वैकुंठ चतुर्दशी, त्रिपुरी पौर्णिमा आणि महाशिवरात्री हे प्रमुख सोहळे असून उत्सवात देवाची पालखी गावातून फिरते. जुने गाव पाहण्याची इच्छा असणाऱ्याने पालखीचा मार्ग धरावा. तो रस्ते-वाहतुकीच्या सोयीने आखलेला नसतो, जुन्या वस्तीच्या स्मृतीने आखलेला असतो.

पायऱ्यांखाली

पायऱ्या उतरून मुख्य रस्त्याकडे न वळता गल्लीत शिरले की परळीचे दुसरे रूप दिसू लागते. गणेशपार, देशमुखपार, अंबेवेस, बेलवाडी, मलिकपुरा ही जुन्या वस्तीतील नावे. जुन्या गावांत नावे हाच पहिला नकाशा असतो. ‘वेस’ म्हटले की गावकूस आले, दरवाजा आला आणि रात्री दरवाजा लावणारा माणूसही आला. ‘पार’ म्हटले की झाडाभोवतीचा दगडी ओटा, त्यावर बसणारी मंडळी आणि तेथे होणारे गावचे निवाडे. बेलवाडी हे नाव देवळाला लागणाऱ्या बेलाशी नाते सांगते. वीरशैव लिंगायत समाजाचे गुरुलिंगस्वामींचे स्थान याच बाजूला आहे. परळी हे लिंगायत परंपरेचेही महत्त्वाचे ठिकाण आहे, हे बाहेरून येणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. मलिकपुऱ्यात मुसलमान वस्ती आहे. शैव, वैष्णव, लिंगायत आणि मुसलमान हे सगळे एका देवळाच्या हाकेच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. निजामाच्या राज्यात सव्वादोनशे वर्षे काढलेल्या मराठवाड्यात अशी सरमिसळ सर्वत्रच आढळते, परंतु परळीत ती पायी अर्ध्या तासात पाहता येते.

येथली जुनी घरे पाहताना मान वर करावी लागते. मराठवाड्याचे पारंपरिक छप्पर म्हणजे माळवद. भिंती दगड-मातीच्या, हातभर ते दोन हात रुंद. त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर किलच्या किंवा फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि दाबून बसविली तर पाऊसही फारसा झिरपू देत नाही. दर वर्षी मृगापूर्वी तिचा नवा हात द्यावा लागतो. बड्या घरांना आधी ढेलज, मग चौक, चौकाभोवती सोपे, आत माजघर आणि धान्यासाठी भिंतीत बळद, अशी रचना असते. ढेलजेत बसलेला माणूस रस्त्यावरही असतो आणि घरातही. शहरातील सदनिकेत वाढलेल्या वाचकाला ही मधली जागा काय चीज आहे हे शब्दांनी सांगणे कठीण.

ही घरे झपाट्याने कमी होत आहेत. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-मुंबईला गेली, माळवदावर माती टाकणारे हात मिळेनासे झाले, ही कारणे सर्वत्रची आहेत. मराठवाड्यात आणखी एक कारण आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून वाड्यांच्या नावाने हळहळणे अप्रामाणिक ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातील हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यांपैकी असंख्य माणसे मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा टनावारी भार यांखाली गाडली गेली. परळी त्या टापूपासून फार दूर नाही. त्यानंतर ज्याला परवडले त्याने माळवद उतरवून स्लॅब घातला, आणि त्याला दोष देता येणार नाही. लाकडी पट्ट्यांनी भिंती बांधून, छपराचा भार कमी करून जुनी घरे राखता येतात, हे भूकंपानंतरच्या कामांतून सिद्ध झाले आहे. ते ज्ञान गल्लीतल्या गवंड्यापर्यंत मात्र पुरेसे पोचले नाही.

जगमित्र नागा

जुन्या परळीत वैद्यनाथाखालोखाल मान आहे तो संत जगमित्र नागा यांच्या स्थानाला. नामदेवांच्या प्रभावळीत गणले जाणारे हे संत परळीचे. शैव क्षेत्रात राहून विठ्ठलाचे कीर्तन करणारा हा माणूस सर्वांशी मैत्रीने वागे, म्हणून ‘जगमित्र’. महिपतीबुवांनी ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथात त्यांचे चरित्र सांगितले आहे. त्या कथेत द्वेषाने कोणी त्यांची झोपडी पेटवून देतो आणि देव त्यांना वाचवतो. पुढे गावकरी त्यांना इनाम जमीन देतात. काही काळाने नवा अधिकारी येतो व ती जमीन काढून घेऊ पाहतो. लोक विनवण्या करतात तेव्हा तो अट घालतो : घरात मुलीचे लग्न आहे, आमचे देवक वाघ आहे, तर तुमच्या संताने जिवंत वाघ आणून दाखवावा. जगमित्र रानात जातात आणि मांजराला आणावे तसा वाघ घेऊन वेशीवर येतात. गावाचे दरवाजे बंद होतात, अधिकारी गयावया करतो, जमीन राहते.

चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा गाभा लक्षात राहतो. पेटवलेले घर, काढून घेतली जाणारी जमीन आणि कागद हाती असलेला अधिकारी ही त्यातली पात्रे व प्रसंग कोणत्याही शतकातल्या गावकऱ्याला ओळखीचे आहेत. बहुधा म्हणूनच ही कथा परळीत अजून सांगितली जाते.

रेल्वे आणि राख

जुन्या गावाबाहेरची परळी दोन गोष्टींनी घडविली. पहिली रेल्वे. निजामाच्या काळात विकाराबाद-बीदरकडून येणारा लोहमार्ग परळीपर्यंत आला आणि दुसरीकडून परभणीचा फाटा जोडला गेला. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बीड रेल्वेची वाट पाहत राहिले आणि परळी मात्र जंक्शन झाली. मोंढा, आडती, कापसाचा व्यापार, टॉवरभोवतीची बाजारपेठ ही त्या रेल्वेची अपत्ये. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा अहिल्यानगर ते बीड हा टप्पा १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाला. पुढचा टप्पा परळीला भिडणारा आहे.

दुसरी गोष्ट औष्णिक विद्युत केंद्र. पहिले संच १९७१ मध्ये सुरू झाले, पुढे २१० मेगावॉटचे तीन आणि २५० मेगावॉटचे तीन संच आले. कोळसा रेल्वेने आणि पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी सारे केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा देशभर परळीचे नाव देवाव्यतिरिक्त कारणाने गाजले. जुने संच आता इतिहासजमा झाले आहेत. या केंद्राने हजारो कुटुंबांना रोजगार दिला, शक्तिकुंजसारखी वसाहत उभी केली आणि त्याबरोबर राखही दिली. ज्यांना परवडले त्यांनी नव्या भागात घरे बांधली. एका अर्थाने त्यामुळेच जुने गाव वाचले, कारण इमारती उंच करण्याचा दाब तिकडे वळला. दुसऱ्या अर्थाने ते ओस पडण्याची सुरुवातही तेथूनच झाली.

मोकळे करण्याचा मोह

सन २०२१ मध्ये काशी विश्वनाथाचा परिसर गंगेपर्यंत मोकळा करण्यात आला, २०२२ मध्ये उज्जैनचा महाकाल लोक उभा राहिला, आणि तेव्हापासून प्रत्येक तीर्थक्षेत्राला तशाच पटांगणाची आस लागली आहे. परळीसाठीही राज्य शासनाचा तीर्थक्षेत्र विकास आराखडा आहे. दर्शनरांगांची सोय, भक्तनिवास, स्वच्छतागृहे, वाहनतळ यांची परळीला गरज आहे, याबद्दल दुमत होणार नाही. श्रावणातल्या सोमवारी लहान मुले आणि वृद्धांना घेऊन तासन्‌तास उभे राहिलेल्याला गल्लीबोळांचे सौंदर्य ऐकवू नये. परंतु सोय करणे आणि मोकळे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काशीत त्या कामासाठी सुमारे ३०० मालमत्ता घेऊन पाडण्यात आल्या. घरांच्या पोटात दडलेली कित्येक जुनी देवळे त्यामुळे उजेडात आली, हे खरे. त्या घरांत राहणारी माणसे पांगली, हेही तितकेच खरे.

परदेशातील एक उदाहरण येथे लागू पडते. हल्ली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने थायलंडला जातात. बँकॉकचा जुना भाग म्हणजे रत्नकोसिन. पहिल्या राम राजाने १७८२ मध्ये राजधानी येथे आणली तेव्हाचे हे मूळ नगर. राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाचे मंदिर पाहून बहुतेक सहली परततात, जसे वैद्यनाथाचे दर्शन घेऊन यात्रेकरू परततो. तेथून चालत जाण्याजोग्या अंतरावर राजदरबारच्या ब्राह्मणांचे देवस्थान आहे. शिव, गणेश आणि नारायण यांची तीन देवळे एका आवारात, समोर उंच लाल झोपाळ्याचे खांब. परळीच्या माणसाला हा हरिहर मेळ अनोळखी वाटणार नाही. त्याच्याजवळ महाकान नावाचा बुरूज आहे. शहराच्या तटावरील १४ बुरुजांपैकी उरलेल्या दोहोंतला हा एक. त्याच्या आडोशाला जुन्या लाकडी घरांची वस्ती होती, पक्ष्यांचे पिंजरे आणि शोभेची दारू बनविणाऱ्या कारागिरांची. महापालिकेला तेथे पर्यटकांसाठी उद्यान हवे होते. १९९२ पासून रहिवासी लढले, घरे स्वतः राखून पर्यटकांना दाखवू, असा प्रस्तावही त्यांनी दिला. २०१८ मध्ये शेवटची घरे पाडली गेली. आता तेथे हिरवळ आहे, बाक आहेत आणि पाहण्यासारखे फारसे काही नाही.

परळीत अजून तशी वेळ आलेली नाही, आणि येऊ नये यासाठी करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. वाहने गावाबाहेर थांबवून पायथ्यापर्यंत चालण्याची वाट ठेवणे, जुन्या वाड्यांची नोंद करून मालकांना दुरुस्तीला साहाय्य देणे, पार आणि तीर्थे स्वच्छ ठेवणे, पायऱ्यांलगतच्या बेलफुलांच्या विक्रेत्यांना तेथेच सामावून घेणे. यातले पहिले केले तर यात्रेकरूचा रस्ताच जुन्या गावातून जाईल आणि त्याचा पैसाही तेथेच पडेल.

नवरी आणि वऱ्हाड

परळीचे गाव पाहून झाल्यावर अंबाजोगाई टाळू नये. लोककथेने ही दोन गावे सोयरिकीत बांधली आहेत. कोकणातील योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड निघाले, परंतु अंबाजोगाईपर्यंत पोचता पोचता मुहूर्त टळला. देवी तेथेच अविवाहित राहिली आणि वऱ्हाडाचे दगड झाले. कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी घाटावर इतक्या दूर कशी, याचे उत्तर ही कथा देते. दगड झालेले वऱ्हाड म्हणून दाखविले जाते ते हत्तीखाना लेणे. खडकात खोदलेला प्रशस्त चौक, त्यात दगडी हत्ती आणि मध्ये नंदीमंडप. जयंती नदीकाठचे हे शैव लेणे मराठवाड्यातील उत्तम स्थळांपैकी असूनही तेथे गर्दी नसते.

अंबाजोगाईच्या जुन्या गावात यादवकाळाची साक्ष पावलोपावली भेटते. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर येथला. बाराखांबी म्हणून ओळखले जाणारे सकलेश्वर मंदिर त्याच्या काळचे असून त्याचा शिलालेख १२२८ चा आहे. दुसरा, १२४० चा लेख वाचताना मन गलबलते. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत कामी आला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या नावाने रामनारायणाचे देऊळ बांधले. तेराव्या शतकातील एका स्त्रीने दगडावर कोरवून घेतलेला हा शोक आजही वाचता येतो. गावाबाहेर दरीच्या कडेला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० म्हणजे इ. स. ११८८ चा आणि म्हणून मराठीतील आद्य ग्रंथ मानला जातो. अभ्यासकांत त्याबद्दल मतभेद आहेत. दासोपंतांची (१५५१–१६१५) समाधीही येथेच. गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिणाऱ्या या कवीने ४० हात लांबीच्या कापडी पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढले. कागद कमी पडला म्हणून नव्हे, नकाशासारखे एका नजरेत दिसावे म्हणून.

शिल्पांची आवड असलेल्याने परळी तालुक्यातील धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिरही पाहावे. उत्तर चालुक्यकाळातील या मंदिराच्या बाह्य भिंतीवरील सुरसुंदरी पाहण्यासाठी दोन तास राखून ठेवले तरी पुरत नाहीत. परळीच्या वैद्यनाथात नक्षीची जी उणीव वाटते, ती येथे भरून निघते.

कसे जाल?

परळी वैजनाथ हे रेल्वे स्थानक असून परभणी आणि लातूर रोड-बीदर या दोन्ही बाजूंनी तेथे पोचता येते. मुंबईहून मनमाड, छत्रपती संभाजीनगर, परभणीमार्गे येणे सोयीचे. बीड, लातूर, अंबाजोगाई आणि परभणीहून एस. टी. बसगाड्या सुटतात. पुण्याहून येणाऱ्यांना अहिल्यानगर-बीड मार्ग सरळ पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये दुपारी पायऱ्यांवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस देवासाठी यावे, गाव पाहण्यासाठी नव्हे. मुक्कामाची सोय परळीत व अंबाजोगाईत दोन्हीकडे होते. पहाटे दर्शन, मग उन्हे चढेपर्यंत गणेशपार, देशमुखपार, जगमित्र नागा मंदिर आणि अंबेवेस या भागात पायी फेरी, दुपारनंतर घाट चढून अंबाजोगाई आणि दुसऱ्या दिवशी धर्मापुरी, असा दीड-दोन दिवसांचा बेत पुरेसा आहे. गल्ल्यांतील वाडे ही लोकांची राहती घरे आहेत. ढेलजेत कोणी बसलेले असेल तर विचारून आत जावे. बहुधा पाण्याचा तांब्या आधी पुढे येतो.